द्वितीयक अमाईन: ‘दुसरं’ ते नेमकं कुठून मोजून?

मुलीला बारावीचे अमाईन्स (अमोनियापासून बनणारी नायट्रोजनची संयुगं) शिकवायला बसलो (मी मराठी मीडियमवाला, डोक्यात अजून ‘द्वितीयक’च येतं) आणि पहिल्याच पानावर गाडी अडली. आयसोप्रोपिल अल्कोहोल, सॅनिटायझरमधलं, ते द्वितीयक, आणि तोच आयसोप्रोपिल गट अमाईनला लावला की प्राथमिक?? कार्बनचा सांगाडा तोच आहे की! छपाईची चूक का? आणि द्वितीयक म्हणायचं की दुय्यम?

— चूक नाही हो, मोजायची जागा वेगळी. अल्कोहोलमध्ये ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) ज्या कार्बनवर बसलाय त्याला अजून किती कार्बन जोडलेत ते बघतात, अमाईनमध्ये थेट नायट्रोजनला किती कार्बन लागलेत ते. अमोनियाचे तीन हायड्रोजन, एक काढून कार्बनवाला गट बसवला की प्राथमिक, दोन काढले की द्वितीयक, तिन्ही गेले की तृतीयक, बस. म्हणून टर्शरी ब्युटिल अमाईन हे नावात टर्शरी (म्हणजे तृतीयक) असूनही प्राथमिकच, कारण ते विशेषण ब्युटिल या कार्बनच्या गटाचं आहे, अमाईनचं नाही, पोरं हमखास इथेच फसतात. आणि ‘दुय्यम’ नकोच, दुय्यम निबंधक आठवतो. पाण्यात तर डायमेथिल अमाईन हे मेथिल आणि ट्रायमेथिल दोघांपेक्षा स्ट्राँग बेस (आम्लारी) आहे, त्याला दुय्यम कसं म्हणणार :)

— माझं दुखणं वेगळं आहे. एन-मेथिलइथेनामाईन मधला एन कॅपिटल, म्हणजे मेथिल नायट्रोजनवर आहे असं सांगणारा, आणि एन-ब्युटेन मधला एन छोटा, नॉर्मलचा, सरळ साखळी. देवनागरीत कॅपिटल नाहीच, दोन्ही ‘एन’ जुळे भाऊ. मी वहीत नत्र-मेथिल लिहायचो, वर्ग हसायचा. खताच्या गोणीवर नत्र, स्फुरद, पालाश चालतं, मग इथे काय बिघडतं?

— नत्र-मेथिल आवडलं!! तिला आजच सांगतो, पेपरात लिहू नको म्हणून पण सांगतो. ॲनिलीनला आहे का काही मराठी?

— ते आपल्याकडूनच गेलंय. संस्कृत नील, फारसी-अरबीतून पोर्तुगीजांकडे जाऊन अनिल झालं, १८२६ मध्ये ऊन्फरडोर्बेन या रसायनशास्त्रज्ञाने नीळ तापवून हा पदार्थ काढला आणि १८४० मध्ये फ्रिट्शे या दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञाने नाव दिलं ॲनिलीन. बेंझिनच्या कड्याला एनएचटू, म्हणजे परत प्राथमिकच. मराठीच हवं तर ‘निळीण’ म्हणा, पण मुलगी बोलायची बंद होईल.