शेफील्डचा जुना घडीचा चाकू : लिलावात काय बघून घ्यावा?

पोलादीपान
लीड्सजवळच्या एका लिलावात रॉजर्सचा, म्हणजे इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जुन्या चाकू कंपनीचा, घडीचा चाकू आलाय. मिटलेला असताना लांबी ९ सेंमी. एक मोठं पातं, एक छोटं पेनचं, म्हणजे पूर्वी पिसाची लेखणी तासायचं. मूठ सांबरशिंगाची, दोन्ही टोकांना जर्मन सिल्व्हरचे बोल्स्टर, म्हणजे धातूच्या टोप्या. मोठ्या पात्याच्या बुडाशी तारा आणि क्रॉस, मुकुटाच्या दोन्ही बाजूंना व्ही आणि आर, खाली 'कटलर्स टू हर मॅजेस्टी'. यादीत 'व्हिक्टोरियन' असं लिहिलंय. मोठं पातं आरशासारखं चमकतंय, छोट्यावर मात्र करडे-काळे डाग आहेत.
लिलावाआधी दहा मिनिटं हातात घेऊन बघता येईल. शिक्क्यावरून काळ किती नक्की सांगता येतो? चमक चांगली की वाईट? आणि काम उत्तम आहे की नाही हे कशावरून ओळखायचं?

नखखाच
आधी शिक्का. तारा आणि माल्टीज क्रॉस ही रॉजर्सची खूण. १८२२ मध्ये चौथ्या जॉर्जकडून त्यांना राजघराण्याची नेमणूक मिळाली. पुढे पात्यांवर राज्यकर्त्याची अक्षरं दिसतात. डब्ल्यू आर म्हणजे १८३० ते १८३७, व्ही आर १८३७ ते १९०१, ई आर १९०१ ते १९१०, त्यानंतर पुन्हा जी आर. 'हर मॅजेस्टी' व्ही आरशी जुळतं, म्हणजे तिथे गडबड नाही. पण राणी गेली म्हणून शिक्के मारून ठेवलेली पाती कोणी भंगारात टाकत नाही, तेव्हा शेवटच्या टोकाला चार-दोन वर्षं सैल धरा.

६४ वर्षांचा पट्टा अजून अरुंद करायचा तर 'शेफील्ड'च्या पुढे 'इंग्लंड' आहे का बघा. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. त्यामुळे 'इंग्लंड' असेल तर साधारण १८९१ नंतरचा समजायला हरकत नाही. नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण सगळा माल काही अमेरिकेला जात नव्हता. 'मेड इन इंग्लंड' दिसलं तर विसावं शतक. रॉजर्स हे नाव आजही नव्या चाकूंवर उमटतं, म्हणून नुसत्या नावावर भुलू नका.

दहा पट भिंग न्या. नाव इंग्रजीत Rodgers असं असतं, त्यातला 'डी' जागेवर आहे ना, ते वाचा. या नावाची आणि खुणेची नक्कल त्या काळीही भरपूर झाली. खरा शिक्का पोलाद कठीण करायच्या आधी ठशाने ठोकलेला असतो. अक्षरांची खोली थोडी कमीजास्त, कडेला धातू किंचित उचललेला. आम्लाने किंवा लेझरने कोरलेली अक्षरं उथळ आणि तळाला एकसारखी सपाट दिसतात.

आता चमक. चांगल्या शेफील्ड पात्यांना मुळातच क्रोकसची, म्हणजे बारीक लोहभस्माची, आरशासारखी झिलई असायची. म्हणजे चमक हा गुन्हा नाही. प्रश्न एवढाच, की ती तेव्हाची की गेल्या आठवड्यातली. नखाने पातं उघडायची खाच बघा. तिची कड अजून टोकदार आहे की मऊ होऊन गोलावलीय? शिक्क्याची अक्षरं कडेला विरघळल्यासारखी दिसतात का? गंजाचे खड्डे उरलेत पण त्यांची तोंडं गुळगुळीत झालीत का? असं असेल तर बफिंग व्हील, म्हणजे झिलईचं फिरतं चाक, फिरलंय. तुमच्या वर्णनात छोटं पातं डागाळलेलं आणि मोठं लखलखीत. मला हे बफिंगच वाटतं. त्यात नुसती झिलईच जात नाही. पातळ धार चाकावर तापून पाण्याचा (पोलादाला तापवून दिलेल्या कठीणपणाचा) रंग, म्हणजे गवती पिवळा ते निळा, पुढे सरकला की पात्याचं पाणी उतरतं. रंग नंतर पुसला जातो, मऊपणा तसाच राहतो. किंमत त्या हिशेबाने लावा.

पातं किती झिजलंय तेही तिथेच बघून घ्या. धारेच्या सुरुवातीला, बुडाशी, खालच्या बाजूला एक छोटा उंचवटा असतो, त्याला किक म्हणतात. पातं मिटताना तो चाकूच्या पाठीतल्या स्प्रिंगवर टेकतो. न झिजलेल्या पात्यात धार जवळजवळ किकच्या उंचीपासून सुरू होते. तिथे खोल पायरी दिसली, किंवा नखाची खाच धारेच्या फारच जवळ आली, तर बरंच पोलाद सहाणेवर गेलंय.

ऐरण
शिक्का कंपनीचा असतो, हात दुसऱ्याच कोणाचे. शेफील्डमध्ये पातं घडवणारा वेगळा, सहाणेवर घासणारा वेगळा, जुळणी करणारा कटलर वेगळा. यातले बरेच 'लिटल मेस्टर', म्हणजे एखादी खोली भाड्याने घेऊन वेगवेगळ्या कंपन्यांसाठी काम करणारे स्वतंत्र कारागीर. त्यांचं नाव चाकूवर येतच नाही. स्टॅन शॉ (१९२६–२०२१) हे त्या परंपरेतले सर्वांत नावाजलेले शेवटचे कारागीर. त्यांनी चाकू सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः केले, आणि नावही स्वतःचं घातलं.

कारागिरी बघायची तर पात्याकडे नाही, पाठीकडे बघा. १५ सेंमीची पोलादी पट्टी बरोबर ठेवा. चाकू मिटलेला असताना पाठीवर ठेवा. स्प्रिंग आणि लायनर, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या, एका पातळीत आहेत का? मग पातं पूर्ण उघडून तेच. मग पातं काटकोनात ठेवून तेच. तीनही ठिकाणी स्प्रिंग वर आली नाही, खाली बसली नाही, तर काम वरच्या दर्जाचं. कारण असं की स्प्रिंग मधल्या खिळीवर तरफेसारखी हलते. पात्याच्या बुडाला तीन वेगवेगळ्या बाजू असतात आणि प्रत्येक बाजूवर स्प्रिंग नेमकी तेवढीच उचलली जायला हवी. ०.१ मिमीचा फरकसुद्धा नखाला कळतो. पोलाद कठीण झाल्यावर कानस चालत नाही, म्हणून हा हिशेब कारागिराला आधीच, मऊ पोलादावर जमवावा लागतो. दोन पाती असतील तर दोनदा.

स्प्रिंगला आणि पात्याला पाणीही वेगवेगळं. पातं गवती पिवळ्यापर्यंत, साधारण २३० अंशांपर्यंत तापवलेलं, धार टिकावी म्हणून. स्प्रिंग निळी होईपर्यंत, सुमारे ३०० अंश, म्हणजे ती लवते पण तुटत नाही. स्प्रिंग पिचकी असेल तर पातं उघडताना दोन-तीन टप्प्यांवर ओढ लागत नाही, नुसतं घसरतं. उघडताना घट्ट ओढ आणि शेवटी स्वच्छ 'टक्' असा आवाज हवा. हे कानाने तपासा, लिलावाच्या हॉलमध्ये जमतं.

पुढे मुठी. सांबरशिंग आणि बोल्स्टरच्या सांध्यात केस शिरायला नको. दोन बाजूंच्या शिंगाचा पोत आणि बाक जोडीचा असावा. एका बाजूच्या खिळी पितळी आणि दुसऱ्या बाजूच्या पोलादी दिसल्या तर मूठ नंतर बदललेली. मिटलेला चाकू दिव्यासमोर धरा. स्प्रिंग आणि लायनरच्या मधून उजेडाची रेघ दिसायला नको.

मुठीत छोटी ढाल, म्हणजे धातूची शोभेची पट्टी, बसवलेली असेल तर तिच्या कडेची फट बघा. त्यासाठी पार्सर नावाचं दोन लवचीक पायांचं कटर असे. धनुकलीने फिरवायचं, आणि पाय धातूच्या साच्याच्या आत फिरत तेवढाच आकार खणतात. हाताने केलेलं हे काम इतकं घट्ट बसतं की फट शोधावी लागते. फटीत लाखेसारखं काही भरलेलं असेल तर ढाल नंतरची.

प्रदर्शनी तुकडे बघायचे तर लंडनच्या १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनातला रॉजर्सचा ७५ पात्यांचा नॉरफोक चाकू शेफील्डच्या कटलर्स हॉलमध्ये आहे. बघावाच, पण शिकायला तो निरुपयोगी, त्यात सगळं दाखवण्यासाठीच केलेलं. त्यापेक्षा केलहम आयलंड संग्रहालयातला हॉली संग्रह बघा. तिथे अर्धवट घडवलेले भाग आणि हत्यारं आहेत.

गवतीपिवळा
ऐरण यांच्या तीन ठिकाणांच्या चाचणीला एक पुस्ती. काटकोनात पातं थांबलंच पाहिजे असं नाही. बुडाची मागची बाजू गोल घासलेली असेल तर अर्ध्यावर थांबा नसतोच, पातं सरळ फिरतं. तो दोष नाही, कारागिराची निवड आहे. मग पाठ मिटलेल्या आणि उघड्या अशा दोनच ठिकाणी मोजा.

पोलादीपान
बघून आलो. पाठ तीनही ठिकाणी समपातळीत. मोठ्या पात्याच्या खाचेची कड गोलावलेली, म्हणजे बफिंग झालंय. 'इंग्लंड' नाही. मोठं पातं बाजूला किंचित डुगडुगतं, आणि जोरात मिटलं की धार कुठेतरी आपटते. छोट्यावरचे डाग बोटाला लागत नाहीत. डुगडुग घरी दुरुस्त होते का?

ऐरण
पाठ तीनही ठिकाणी समपातळीत असेल तर बफिंग असूनही घ्या. झिलई गेली, जुळणी शाबूत आहे. मी तरी चमकदार पात्यापेक्षा चांगली पाठ निवडतो.

धार आपटते कारण किक झिजलीय. धारेवर एकाच जागी छोटा चपटा भाग दिसेल, तीच स्प्रिंगला लागणारी जागा. किक कानसू नका, त्याने पातं आणखी खाली बसेल. पातं सोडून न देता बोटाने धरून मिटा, एवढं पुरेसं.

डुगडुगीचं कारण बहुतेक वेळा सांध्यातली घाण. वाळूचे कण तेलात मिसळले की पितळ घासत राहतं. आधी साफ करा, मग ठरवा. पातं अर्धं उघडून सांध्यात हलक्या मशीन ऑइलचे दोन थेंब, दहा-पंधरा वेळा उघडमीट, बाहेर आलेलं काळं तेल सुती फडक्याने पुसा. तेल स्वच्छ निघेपर्यंत हेच करत राहा. कोपरे लाकडी दातकोरणीने साफ करा, सुई नको. गरम पाणी, व्हिनेगर, रॉकेलमध्ये बुडवून ठेवणं, हे सगळं टाळा. शिंग आणि हाड फुगतं, आकसतं आणि खिळीपाशी तडकतं. मूठ शिंपल्याची असेल तर व्हिनेगरने चमकच उडते.

तरीही डुगडुग राहिली तर बोल्स्टर पोलादी ठोकळ्यावर टेकवून, पातं आणि लायनरच्या मध्ये ०.०५ मिमीची फीलर पट्टी (ठरावीक जाडीची पातळ पोलादी पट्टी) ठेवून, खिळीच्या डोक्यावर १०० ग्रॅमच्या गोल डोक्याच्या हातोडीने हलके ठोके देतात. पट्टी ठेवायची ती सांधा जास्त आवळू नये म्हणून. सांधा एकदा आवळला की सोडवायला खिळ काढावी लागते. पहिल्यांदाच करत असाल तर स्वस्त, मोडक्या चाकूवर करून बघा. खिळ शिंपल्यातून किंवा हस्तिदंतातून जात असेल तर मुळीच नाही.

करडे-काळे डाग स्थिर असतात, ते राहू द्या. तांबडा, बोटाला लागणारा गंज तेवढा तेल लावून ०००० नंबरच्या स्टील वूलने, शिक्क्यापासून लांब.

कपाटवाला
साठवणीचं राहिलं. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, टॅनिनमुळे पोलाद गंजतं आणि पितळावर हिरवट थर येतो. पात्यावर रेनेसान्स वॅक्स या मेणाचा पातळ हात, सुती कापडात गुंडाळून डबा, डब्यात सिलिका जेल. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात जेलचा रंग महिन्यातून एकदा तरी बघा.

जुन्या सेल्युलॉइडच्या मुठीचे चाकू वेगळे ठेवा. ते कुजताना नायट्रिक आम्लाची वाफ सोडतात, शेजारच्या चाकूंची पाती त्या बाजूने गंजतात. सेल्युलॉइड की हस्तिदंत, हे ओळखायला तापवलेली सुई टोचू नका, सेल्युलॉइड भडकतं. भिंगातून बघा. हाडात बारीक काळे ठिपके, हस्तिदंताच्या कापलेल्या टोकाशी एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा, सेल्युलॉइडमध्ये अगदी एकसारख्या समांतर रेघा.

कायद्याचं थोडक्यात. तिकडे ब्रिटनमध्ये ३ इंचांपर्यंत धारेचा, कुलूप न बसणारा (उघडल्यावर पातं अडकून न राहणारा) घडीचा चाकू कारण न देता बाळगता येतो. तुमचा त्यात बसेल. हस्तिदंती मुठीचे चाकू मात्र २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने जवळजवळ विक्रीबाहेर गेलेत. तुमचा पुण्याला आणायचा विचार असेल तर सांबरशिंग लक्षात ठेवा. सांबर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, वस्तू शंभर वर्षांची आहे म्हणून सूट गृहीत धरू नका. आधी वन विभागाला आणि कस्टम्सला लेखी विचारा, उत्तर येईपर्यंत चाकू तिकडेच ठेवा.