मुमताज महल: घोडी खरोखर थोर, की वंशजांच्या यशामुळे थोर वाटणारी?

फर्लांग (धागाकर्ता)

शर्यतीच्या घोड्याच्या छापील वंशावळीत बापाचे घराणे वरच्या अर्ध्या भागात आणि आईचे खालच्या अर्ध्या भागात असते, आणि बहुतेक वाचकांची नजर वरच्या भागातून खाली उतरतच नाही. या सवयीमुळे विसाव्या शतकातील एका घोडीला तिचे श्रेय मिळालेले नाही, असे माझे मत आहे. ते खोडून काढण्याचे जाणकारांना आमंत्रण आहे.

घोडीचे नाव मुमताज महल. तिचा जन्म १९२१ मध्ये यॉर्कशायरमधील स्लेडमिअर स्टडवर (घोड्यांच्या पैदास-केंद्रावर) झाला. बाप द टेट्रार्क, आई लेडी जोसेफीन, रंग करडा. १९२२ च्या डॉनकास्टर लिलावात जॉर्ज लॅम्बटन यांनी तिसऱ्या आगाखानांसाठी ९,१०० गिनींना (गिनी म्हणजे जुने इंग्रजी चलन) तिला विकत घेतले. (पुण्याचा आगाखान पॅलेस बांधणारे ते हेच, त्यांच्या वाड्याचा इतिहास आपल्याला पाठ असतो, त्यांच्या तबेल्याचा मात्र फारसा नसतो.) रिचर्ड डॉसन यांच्या तालमीत तिने १९२३ चा हंगाम गाजवला. अ‍ॅस्कटची क्वीन मेरी शर्यत तिने दहा लांबींनी (म्हणजे दहा घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने) जिंकली. केम्प्टनच्या चिखलात एकदा निसटता पराभव झाला, एवढाच काय तो अपवाद. पुढच्या वर्षी एक मैलाच्या ‘वन थाउजंड गिनीज’मध्ये ती आघाडीवर असूनही शेवटी प्लॅक या घोडीने तिला मागे टाकले. मग ती पुन्हा कमी अंतराकडे वळली आणि यॉर्कची नन्थॉर्प जिंकली. एकूण १० शर्यती, ७ विजय.

येथपर्यंत ती एक अत्यंत वेगवान, पण दमाला कमी पडणारी घोडी होती. माझा मुद्दा पुढचा आहे. तिच्या तीन मुली तीन वेगवेगळ्या बापांच्या होत्या. गेन्सबरोपासून झालेल्या माह महलने १९३६ चा एप्सम डर्बी विजेता महमूद दिला. ब्लेनहाइमपासून झालेल्या मुमताज बेगमने नसरुल्ला दिला. रुस्तम पाशापासून झालेल्या रुस्तम महलने अ‍ॅबरनंट दिला, ज्याने १७ पैकी १४ शर्यती जिंकल्या. नसरुल्ला ब्रिटनमध्ये एकदा आणि अमेरिकेत पाचदा आघाडीचा पैदास-घोडा (ज्याच्या संततीने त्या वर्षी सर्वाधिक बक्षिसे मिळवली असा) ठरला. त्याचा मुलगा बोल्ड रुलर, आणि त्याचा मुलगा १९७३ चा ट्रिपल क्राउन (एकाच वर्षी तीन मानाच्या शर्यती) विजेता सेक्रेटेरिएट. मुमताज बेगमचीच दुसरी मुलगी सन प्रिन्सेस हिने रॉयल चार्जर दिला आणि त्याच्या नर-वंशात (बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या साखळीत) पुढे जपानचे चित्र बदलणारा संडे सायलेन्स जन्मला. बाप प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे आणि आजी तीच आहे. मग ‘नसरुल्लाचा वंश’, ‘रॉयल चार्जरचा वंश’ अशी वेगवेगळी नावे देऊन मूळ नाव का झाकायचे?

कॅम्पातला वाचक

लेख वाचनीय आहे, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. आगाखानांनी १९२० च्या दशकात पैशाचा हात आखडता न घेता पैदास उभी केली. गेन्सबरो हा ट्रिपल क्राउन विजेता, ब्लेनहाइम हा डर्बी विजेता. नसरुल्लाचा बाप निआर्को तर अपराजित होता. अशा घोड्यांकडे ज्या घोडीला आणि तिच्या मुलींना वर्षानुवर्षे पाठवले जाते, तिच्या वंशात काहीतरी उत्तम निघणारच. मुमताज महलऐवजी दुसऱ्या कोणा वेगवान घोडीला तीच संधी मिळाली असती, तर आज आपण तिच्या नावाने धागा काढला असता.

याला पुरावा आगाखानांच्याच तबेल्यात आहे. फ्रायर्स डॉटर ही घोडी अवघ्या २५० गिनींना आली होती आणि तिने १९३५ चा अपराजित ट्रिपल क्राउन विजेता बहराम दिला. १९२२ ची क्वीन मेरी जिंकणाऱ्या कॉसने रुस्तम पाशा दिला. लांब पल्ल्याच्या तेरेसिनाचा मुलगा अलीभाई अमेरिकेत नावाजलेला पैदास-घोडा झाला. एकाच मालकाच्या इतक्या घोड्यांच्या आया यशस्वी ठरतात, तेव्हा श्रेय घोडीला द्यायचे की नियोजनाला? ९,१०० गिनी आणि २५० गिनी यांतला फरक निकालात फारसा दिसत नाही, ही गोष्ट मला तरी बोलकी वाटते.

आकडेमोड

दोघांच्याही मांडणीत एक गृहीतक लपले आहे, ते उघड केले पाहिजे. नाव वंशावळीत असणे आणि त्या प्राण्याचे गुण वंशजात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नसरुल्लामध्ये मुमताज महलचा वाटा सरासरी एक चतुर्थांश. सेक्रेटेरिएटमध्ये ती चौथ्या पिढीत येते, म्हणून सोळावा भाग. महमूद अमेरिकेत गेल्यावर त्याला अल्महमूद नावाची मुलगी झाली. तिची एक मुलगी नॉर्दर्न डान्सरची आई आणि दुसरी हॅलोची आई. म्हणजे नॉर्दर्न डान्सरमध्ये मुमताज महल पाचव्या पिढीत आहे, बत्तीसावा भाग. संडे सायलेन्सचा बाप हॅलो याच्याकडे ती दोन्ही बाजूंनी येते: रॉयल चार्जरकडून सहाव्या पिढीत आणि महमूदकडून पाचव्या. आजच्या बहुतेक घोड्यांत नॉर्दर्न डान्सर अनेकदा असतो, त्यामुळे तीही अनेकदा असते. पण बंदिस्त स्टड बुकात (नोंदलेल्या आईबापांच्याच पिलांची नोंद घेणाऱ्या वहीत) शंभर वर्षांपूर्वीच्या प्रत्येक यशस्वी घोडीचे असेच होते: एकतर तिचा वंश संपतो, नाहीतर ती सर्वांची पणजी होते. मधली अवस्था फार काळ टिकत नाही.

आता गुणसूत्रांकडे पाहू. नर शिंगराला एक्स गुणसूत्र फक्त आईकडून मिळते आणि तो ते फक्त मुलींना देतो. नसरुल्लाला मुमताज बेगमचे एक्स मिळाले, हे खरे. परंतु बोल्ड रुलरला नसरुल्लाचे एक्स मिळालेच नाही, कारण बापाने मुलाला वाय दिले. आईकडून येणारा मायटोकाँड्रियाचा (पेशीतील ऊर्जाकेंद्रांचा) ठेवाही नसरुल्लापाशीच थांबला. तेव्हा ज्या नर-वंशांची नावे धागाकर्त्यांनी अभिमानाने घेतली, त्यांतून तिचे हे दोन खास वारसे मुळीच वाहत नाहीत.

करड्या रंगाचेच पाहा. तो एका प्रभावी जनुकामुळे येतो, आणि आईबापांपैकी कोणी करडे नसेल तर शिंगरू करडे होत नाही. द टेट्रार्क, मुमताज महल, माह महल, महमूद अशी ही साखळी उघड्या डोळ्यांनी दिसते. मुमताज बेगम मात्र करडी नव्हती, नसरुल्लाही नव्हता. जो एक जनुक आपण निश्चित ओळखू शकतो, तोच सर्वांत प्रभावी शाखेत नाही. बाकीचे कोणते जनुक गेले, हे वंशावळ वाचून कसे ठरवणार?

फर्लांग (धागाकर्ता)

आकडेमोड यांचा हिशेब बरोबर आहे, पण तो माझ्या दाव्याला लागू होत नाही. सेक्रेटेरिएटमध्ये ती सोळावा हिस्सा आहे म्हणून ती मोठी, असे मी म्हटलेले नाही. माझा भर तिच्या मुली आणि नातवंडांवर आहे, जिथे हिस्सा अर्धा किंवा चतुर्थांश आहे. घोडी वर्षाला एकच शिंगरू देते आणि थरोब्रेडच्या (शर्यतीच्या घोड्यांच्या जातीच्या) नियमांत कृत्रिम रेतन चालत नाही. त्या काळी एका नामांकित घोड्याकडे हंगामात चाळीसेक घोड्या जात. घोड्याला नशीब आजमावण्याच्या शेकडो संधी असतात, घोडीला जन्मभरात दहा-पंधरा. इतक्या थोड्या शिंगरांतून तीन मुली तीन स्वतंत्र शाखा उभ्या करतात, याला योगायोग म्हणायला माझे मन तयार नाही. एक्स गुणसूत्राचा मुद्दा तर मलाच साथ देतो: महमूदने माह महलचे एक्स पूर्ण स्वरूपात अल्महमूदला दिले, आणि तिच्या मुलींकडून नॉर्दर्न डान्सर व हॅलो आले. ती शाखा नर-वंशाची नाहीच.

कॅम्पातला वाचक यांचा पैशाचा मुद्दा अधिक वजनदार आहे. परंतु अ‍ॅबरनंटची पैदास आगाखानांची नव्हती. रुस्तम महल दुसऱ्या तबेल्यात होती. रॉयल चार्जर सर जॉन जार्विस यांचा होता. महमूद १९४० मध्ये अमेरिकेला विकला गेला आणि १९४६ मध्ये तिथला आघाडीचा पैदास-घोडा झाला. नसरुल्ला आयर्लंडमार्गे १९५० मध्ये केंटकीच्या क्लेबॉर्न फार्मकडे गेला. आगाखानांच्या हातून हे घोडे निसटत गेले तसतसा वंश वाढला. (व्यापारी म्हणून ते चतुर होते, पैदासकार म्हणून या विक्रीबद्दल इंग्रजांनी त्यांना बराच काळ बोल लावला.) मालकाची पुण्याई एवढ्या लांब पोहोचत नाही.

लगाम

दोन्ही पक्षांचे वाचून एक प्रश्न पडतो: थांबायचे मुमताज महलपाशीच का? तिची आई लेडी जोसेफीन हिला सन-इन-लॉ या दमदार घोड्यापासून लेडी ज्युरर नावाची दुसरी मुलगी झाली. लेडी ज्युररचा मुलगा फेअर ट्रायल हा स्वतंत्र वंशाचा मूळपुरुष ठरला आणि तिच्याच मुलीच्या पोटी १९४७ चा ‘टू थाउजंड गिनीज’ विजेता ट्यूडर मिन्स्ट्रल आला. दोन बहिणी, दोन बाप, दोघींचे घराणे वेगासाठी प्रसिद्ध. धागाकर्त्यांचाच युक्तिवाद एक पायरी वर नेला, तर मानाचे पान लेडी जोसेफीनकडे जाते, आणि ते मला अधिक न्याय्य वाटते. मुमताज महलचे नाव पुढे राहिले ते क्वीन मेरीतल्या दहा लांबींमुळे आणि करड्या रंगामुळे. प्रेक्षकांना ती लक्षात राहिली.

शर्यतीतील यशाचा आणि आई म्हणून यशाचा संबंधही वाटतो तितका सरळ नाही. फ्रान्समध्ये १९२६ मध्ये जन्मलेली ला त्रोयेन एकही शर्यत जिंकली नाही, तरी केंटकीत जाऊन ती अमेरिकेची सर्वांत प्रभावी आई ठरली. उलट झेन्याटाने २० पैकी १९ शर्यती जिंकल्या. तिच्या पिलांनी मात्र निराशाच केली. मुमताज महलच्या बाबतीतही तिचा शर्यतींचा कागद पाहून कोणी १९२४ मध्ये सांगू शकले नसते, की एक मैल न पेलणारी ही घोडी दीड मैलाच्या डर्बी विजेत्याची आजी होईल, किंवा तिच्या वंशातला मिगोली १९४८ ची आर्क (पॅरिसची मोठी शर्यत) जिंकेल. तिच्या बापाकडे नीट पाहिले असते तर कदाचित अंदाज आला असता. द टेट्रार्क स्वतः फक्त दोन वर्षांचा असताना पळाला, सात पैकी सात जिंकला, सर्वांनी त्याला स्प्रिंटर (कमी अंतराचा घोडा) ठरवले. आणि त्याच्या मोजक्या संततीतून सेंट लेजर या लांब पल्ल्याच्या शर्यतीचे तीन विजेते निघाले.

फर्लांग (धागाकर्ता)

लेडी ज्युररचा मुद्दा मी मुद्दाम टाळला नव्हता, पण तो बलवान आहे. तरीही वजनात फरक आहे. त्या शाखेचा प्रभाव मुख्यतः ब्रिटन व आयर्लंडमध्ये राहिला. मुमताज महलची शाखा इंग्लंड, अमेरिका आणि जपान अशा तीन वेगवेगळ्या प्रकारच्या शर्यतींत, गवतावर आणि मातीवर, टिकली. शिवाय थेट मादी-वंशही आटला नाही: १९५९ ची ओक्स (फक्त घोडींची मानाची शर्यत) विजेती पेतीत एत्वाल, १९८१ ची डर्बी दहा लांबींनी जिंकणारा शेरगर, २००८ ची अपराजित आर्क विजेती झारकाव्हा हे सर्व आईच्या आईकडून तिच्यापर्यंत पोहोचतात, आणि हे तिन्ही त्याच आगाखान घराण्याच्या पैदाशीतले.

कॅम्पातला वाचक

शेवटच्या वाक्याने आपण माझेच म्हणणे मांडले आहे! ऐंशी-नव्वद वर्षे एकच घराणे एकच मादी-वंश जपते, निकृष्ट मुली विकते, उत्तम मुली ठेवते. त्यानंतर त्या वंशात झारकाव्हा जन्मते. याला निवड म्हणतात.

विकलेल्या घोड्यांबद्दल मात्र उत्तर द्यायला हवे, कारण तिथे मालकाची निवड लागू होत नाही हे मला मान्य आहे. तिथे काळाची निवड लागू होते. १९३० नंतर अडीच मैलांच्या कप शर्यतींची प्रतिष्ठा घसरत गेली; अमेरिकेत तर मातीवर, कमी अंतरात, दोन वर्षांच्या शिंगराने पहिल्या फर्लांगापासून सुसाट सुटावे, यावर सारा बाजार उभा राहिला. मुमताज महलकडे नेमका तोच माल होता. क्लेबॉर्नच्या हॅनकॉक यांनी नसरुल्ला घेतला तेव्हा त्याचा लहरी स्वभाव सर्वांना ठाऊक होता; न्यूमार्केटच्या मैदानावर पळायलाच नकार देणारा घोडा म्हणून त्याची कीर्ती होती. तरीही गिऱ्हाइके रांगेत उभी राहिली, कारण वेगाला भाव होता. त्याच वर्षांत बाजाराने जर दम मागितला असता, तर तेरेसिनाच्या मुली पुढे आल्या असत्या आणि मुमताज महल ‘एक मैलही न पेलणारी करडी घोडी’ म्हणून तळटिपेत गेली असती. तिची गुणवत्ता मी नाकारत नाही. पण तेरेसिना आणि कॉस यांच्या मुलींची पुढची तीन पिढ्यांची पैदास शेजारी मांडून, समान बापांशी तुलना करून कोणी दाखवले, तरच ‘घोडीच थोर’ हे विधान मी मतापेक्षा अधिक काही म्हणून स्वीकारेन. धागाकर्त्यांकडे जुनी स्टड बुके असतील, तर सुरुवात ब्लेनहाइमच्या मुलींपासून करावी, कारण त्याच्याकडे आगाखानांच्या एकाहून अधिक घोड्या गेल्या होत्या.