सिरीयलमध्ये छोटे रोल मिळतात पण गाडी तिथेच अडकलीये, ओळखी नक्की वाढवायच्या कशा?

बदलापूरकर_२६

नमस्कार मंडळी. कॉलेजात असताना भरपूर एकांकिका केल्या, आयएनटीपासून लोकांकिकेपर्यंत सगळ्या स्पर्धांत नाचून झालं. आता विक्रोळीला एका कंपनीत बॅक ऑफिसला आहे. गेल्या वर्षभरात व्हॉट्सॲप ग्रुपवरून मराठी सिरीयलमध्ये एकेक दिवसाचे रोल मिळाले, हवालदार, कुरियरवाला, वॉर्डबॉय वगैरे. सुट्टी टाकून जातो, नऊ ते नऊची शिफ्ट करतो, पॅकअप झालं की विषय संपला, परत कोणी फोन करत नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो नेटवर्किंग कर. म्हणजे करू काय, आरामनगरला (अंधेरी-वर्सोव्यातली कास्टिंग ऑफिसं) चकरा मारू की प्रीमियरला जाऊन सेल्फी काढू? त्यात एक जण पोर्टफोलिओ आणि रजिस्ट्रेशन मिळून पंधरा हजार मागतोय, म्हणतो वर्षभर ऑडिशनची गॅरंटी. आई म्हणते नोकरी सोडलीस तर घरात पाय ठेवू नको. खरं काय ते सांगा प्लीज.

तिसरी_घंटा

पंधरा हजारवाल्याला आधी ब्लॉक कर मग पुढचं वाच. कोऑर्डिनेटर (सेटला कलाकार पुरवणारा माणूस) काम दिल्यावर पेमेंटमधून कमिशन कापतो, ही पद्धत. कामाआधी पैसे मागणारा त्या पैशावरच जगतो, त्याला तुझ्या ऑडिशनशी काय घेणं.

आता ओळखींचं. एक दिवसाच्या रोलसाठी तुझा फोटो चॅनेलपर्यंत शक्यतो जातच नाही रे. मेन कास्टिंगला चॅनेल, क्रिएटिव्ह, लूक टेस्ट, मॉक शूट सगळं सोपस्कार असतात, पण हवालदार कोण हे बहुतेक वेळा डिरेक्शन टीम आणि ईपी (एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर) मिळून ठरवतात, तेही आदल्या रात्री सीन हातात आल्यावर. म्हणजे तुझी ओळख हवी कोणाशी, तर तिथे कानात वॉकीची वायर घालून धावणाऱ्या असिस्टंटशी. तू मात्र हिरोच्या व्हॅनिटीबाहेर ताटकळत असशील (सगळेच असतात, राग मानू नको). त्या असिस्टंटच्या डोक्याला ताप कसला असतो माहितीये? मास्टर (सगळा सीन दिसणारा लांबचा शॉट) झाला, आता क्लोजला (जवळच्या शॉटला) जायचंय आणि मास्टरमध्ये टोपी उजव्या हातात होती की डाव्या हे कोणालाच आठवत नाही. हवालदार स्वतःहून म्हणाला "डाव्या हातात होती, 'साहेब' म्हणताना काखेत घेतली" तर तो तुझं नाव विचारणारच. आणि तीच माणसं पुढे एपिसोड डिरेक्टर होतात, दुसऱ्या सिरीयलला जातात, तिथून फोन येतो. निघताना नंबर घे, पण रोज गुड मॉर्निंगची फुलं पाठवू नको बाबा.

खिडकीतला_पंखा

मी कास्टिंगच्या बाजूला काम करतो म्हणून सांगतो. आरामनगरला जायला हरकत नाही पण जाऊन होतं काय तर दारातला पोरगा तुला वरपासून खालपर्यंत बघतो, "नॉट फिट" म्हणतो आणि तू पुढच्या बंगलीकडे वळतोस, असं दिवसभर. त्याच्याकडे ब्रीफ असतं, वय, रंगरूप, उंची, तुझ्या अभिनयाचा त्यात काही संबंध नसतो त्यामुळे मनाला लावून घ्यायचं नाही. सध्या पहिली चाळणी बऱ्याचदा सेल्फ टेपवरच (घरी स्वतः शूट केलेल्या ऑडिशनवर) होते. आणि लोक टेप कसल्या पाठवतात काय सांगू, मागे टीव्ही चालू, डोक्यावर पंखा घरघरतोय, समोरचे डायलॉग आत्या वाचतेय आणि तिचाच आवाज मोठा. साधी भिंत, फोन आडवा, खिडकीकडे तोंड म्हणजे चेहऱ्यावर उजेड, समोरच्याचे डायलॉग हळू वाचणारा माणूस. इंट्रोत नाव, वय, उंची, राहतो कुठे, भाषा कुठल्या, मग चेहऱ्याच्या दोन्ही बाजू, हात पुढून मागून. मालवणी, आगरी, वऱ्हाडी यातलं काही घरात बोलत असाल तर ते आवर्जून सांग, आयत्या वेळी असा माणूस शोधताना आमची वाट लागते. फाइलला नाव दे, नुसता मोबाइलने दिलेला नंबर नको. "सर एनी वर्क" असे मेसेज कोणी वाचत नाही.

रीलस्टार_ठाणे

हे सगळं जुनं झालं हो. आता पहिला प्रश्न असतो फॉलोअर्स किती. रील टाक रोज, काम आपोआप येईल.

खिडकीतला_पंखा

@रीलस्टार, विचारतात हे खरंय, लीडला आणि जाहिरातींना जास्तच. पण शॉटच्या वेळी चार पानांचा सीन पाठ नसेल तर फॉलोअर्स येऊन प्रॉम्प्टिंग करत नाहीत. रील करा, त्यात अभिनय दिसू द्या, दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवून आम्हाला काय कळणार?

बॅकस्टेजवाला

बदलापूरकर, तू एकांकिका सोडल्यास का? मला तर हाच मुद्दा वाटतो. मराठीत नवीन नट बघायला माणसं अजून नाटकाला येतात. २५ जानेवारीला रात्रभर सवाई एकांकिका स्पर्धा चालते, तिथे प्रेक्षकांत सिरीयलचे लेखक, दिग्दर्शक बसलेले असतात, शिवाय आधी कुठेतरी पहिली आलेलीच एकांकिका तिथे लागते त्यामुळे माल बघितलेला असतो. कॉलेज संपलं तर खुल्या स्पर्धा आहेत, राज्य नाट्य स्पर्धा आहे, एखाद्या हौशी ग्रुपची तालीम धर. रोल नाही मिळाला तर सेट लाव, म्युझिक ऑपरेट कर. शिवाजी मंदिर, यशवंत, गडकरी, कुठल्याही विंगेत पडद्यामागे दोन महिने घाल, बसमधून दौऱ्याला जा, त्यात होते ती ओळख टिकते. लेखक नवीन काही लिहितो तेव्हा आधी त्याला ओळखीचे चेहरेच आठवतात. याला कोणी वशिला म्हणेल, म्हणू दे.

पेमेंट_कधी

कोणीच पैशाचं बोलत नाहीये. टीव्हीत पेमेंट साधारण नव्वद दिवसांनी येतं, कधी त्याहून उशिरा, म्हणजे गणपतीत केलेलं काम संक्रांतीला हातात. त्यातून १० टक्के टीडीएस जातो, टॅक्स तेवढा बसत नसेल तर रिटर्न भरून परत मिळतो पण २६एएसमध्ये (कापलेल्या टॅक्सचं सरकारी स्टेटमेंट) दिसतोय का ते बघा, बरेच जण बघत नाहीत. माझं एक पेमेंट एका प्रॉडक्शनकडे असंच लटकलं होतं, कॉल टाइमचे (सेटवर कधी पोचायचं त्याचे) मेसेज जपून ठेवले होते म्हणून सुटलं. काम जरा नियमित झालं की सिन्टाचं कार्ड कर, कलाकारांची १९५८ पासूनची संघटना आहे, पैसे अडकले की एकट्याने भांडण्यापेक्षा बरं. आणि आईचं ऐक, नोकरी आत्ता सोडू नको. ट्रॅक (बरेच एपिसोड चालणारा रोल) मिळाला, महिन्याला आठ-दहा दिवस लागायला लागले की मग बघ. नायगावला सेट असेल तर बदलापूरहून दिवा-वसई धरायची, ती चुकली तर दादर फिरून जा, नऊचा कॉल आणि ऑफिस दोन्ही कसं जमवणार हेही आधी बसून ठरव.

माधवीताई

मुली वाचत असतील तर, ऑडिशन ऑफिसातच. हॉटेलची रूम, "सरांचा फ्लॅट", रात्री आठनंतरची मीटिंग, सरळ नाही म्हणायचं. खरं ऑफिस असेल तर ते नाव, प्रोजेक्ट, पत्ता न विचारता सांगतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सेटलाही लागू आहे, तक्रार समिती कोणती हे प्रॉडक्शनला विचारायला लाजू नका.

बदलापूरकर_२६

सगळ्यांचे आभार, त्या पंधरा हजारवाल्याला ब्लॉक केलंय. अंबरनाथला एक ग्रुप राज्य नाट्यची तालीम सुरू करतोय, शनिवारी जातोय, बहुतेक लाइट्सला घेतील. एक राहिलंच, इंट्रोमध्ये हात कशाला मागतात? मला दर वेळी पोलीस चौकीत उभं असल्यासारखं वाटतं.

खिडकीतला_पंखा

जाहिरातीत बिस्कीट हातातच धरणार ना तू. टॅटू, भाजल्याचे डाग, खाल्लेली नखं बघतात. नखं खात असशील तर बंद कर.