विषय: पार्कचा फॉर्म शुक्रवारी बंद – टॉयलेट वर की खाली?

मेधा:
मंडळी, ह्यूस्टनच्या टोनी मॅरॉन पार्कमध्ये काय काय हवं ते मंडळातर्फे कळवायचा फॉर्म शुक्रवारी संध्याकाळी पाचला बंद होतोय. शेड, बाक, दिवे हे सगळं बुधवारच्या कॉलवर ठरलंय, ते कृपया परत उकरू नका. अडलंय फक्त टॉयलेटवर. खाली पाण्याजवळ मागायचं, की वर नॅव्हिगेशन रस्त्याच्या अंगाला? रकाना छोटा आहे. एक ओळ द्या, मी भरते.
दिवाळीच्या हॉलचे पैसे राहिलेत त्यांनी मला नव्हे, खजिनदारांना गाठावं.

नंदूकाका:
वर. यात चर्चा कसली? हार्वे वादळ विसरलात का सगळे? २०१७ ला पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी आपली बफेलो बायू नदी उतरेना, कारण वरून बार्कर आणि ॲडिक्स धरणांचं पाणी सोडणं चालू होतं. तिच्याच काठचं ते दुसरं, बफेलो बायू पार्क, शेपर्ड ते सेबिन रस्त्यांच्या पट्ट्यातलं, १६० एकरांचं, ५८ मिलियन डॉलर खर्चून २०१५ मध्ये पूर्ण केलेलं, आठवडेच्या आठवडे पाण्यात. त्यातला जॉनी स्टील डॉग पार्क तर गाळाखाली गेला. तिथले दिवे, कठडे, पायवाटा बुडणार हे धरूनच बांधलेत, म्हणून गाळ उपसल्यावर पार्क पुन्हा उभं राहिलं. टॉयलेटचं तसं नसतं. मोटार, वायरिंग, ड्रेनेजची लाईन, सगळ्यात गाळ. एकदा भरलं की वर्षभर कुलूप, आणि मग आहेच ते निळं प्लॅस्टिकचं खोकं.

वैशाली:
काका, पटलं. पण तुम्ही चढ चढून बघितलाय का कोणाला हाताला धरून? आईंना दोन्ही गुडघे बदलून झालेत. मागच्या सहलीला त्यांनी सकाळपासून पाणीच प्यायलं नाही, कारण "मग वर जावं लागतं". जुलैत, ह्यूस्टनमध्ये! संध्याकाळी गाडीत बसल्यावर तोंड सुकून ओठांना ओठ चिकटलेले, आणि वर मलाच सांगतात, "मला तहानच नव्हती." दर उन्हाळ्यात आपल्याकडे किती जणांचे आईवडील येतात? पूर तीन-चार वर्षांतून येतो, लघवी रोज.

प्रसाद:
वैशालीताई, तहानेवरून आठवलं, पाण्याचा नळ शेडपाशीच मागा. आणि शेड पत्र्याची नको. पत्र्याखाली दुपारी दोनला बसून दाखवा. झाडं मागा, लाइव्ह ओक.

अनघा:
ओक वाढेपर्यंत आपण सगळे व्हीलचेअरवर असू. शेड हवीच, पंख्यासकट. आणि शेडचं बुधवारी ठरलंय ना? ढोल पथकाचं कुठे आलंय त्यात? सरावाला जागा नाही म्हणून गेल्या गणपतीत आम्ही गॅरेजमध्ये वाजवलं आणि काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

मेधा:
अनघा, ढोल वेगळा. टॉयलेट, टॉयलेट, टॉयलेट.

अरविंदराव:
मुळात मंडळाच्या नावाने फॉर्म भरायचं कोणी ठरवलं? बुधवारचा कॉल ही कार्यकारिणीची बैठक नव्हे. मी अध्यक्ष असताना शहराशी पत्रव्यवहार सचिवांच्याच सहीने जायचा. दुसरं, आपण केटी-शुगरलँडसारख्या लांबच्या उपनगरांतून तिथे वर्षातून एकदा डबे घेऊन जाणार. पार्क आहे त्या सेकंड वॉर्ड वस्तीत पिढ्यान् पिढ्या राहणारी मेक्सिकन कुटुंबं आहेत, पलीकडे फिफ्थ वॉर्ड. बायूच्या पूर्वेकडच्या काठाचा ३१० मिलियन डॉलरचा आराखडा २०२२ ला आला तेव्हापासून त्यांना धास्ती आहे, पार्क चकचकीत झालं की घरभाडी वाढणार. आराखड्यात स्वस्त घरंही आहेत ती उगाच नाहीत. आपण तिथे पंखे आणि ढोल मागणं मला प्रशस्त वाटत नाही.

प्रसाद:
अरविंदकाका, टॉयलेट काय फक्त मराठी माणसाला लागतं?

सुनेत्रा:
मी हॅरिसबर्गजवळ राहते, लेकाला घेऊन शनिवारी मॅरॉनलाच असते. सगळे केटीत राहत नाहीत हो! शेजारची आजी नातवंडांना घेऊन येते, तीही चढ बघूनच परत फिरते. तिची आणि वैशालीच्या सासूबाईंची अडचण एकच आहे. तेव्हा भरा फॉर्म.
नंदूकाका, तुमचा हार्वे वाचून पुणं आठवलं. २०२४ च्या जुलैत खडकवासल्यातून सोडलं आणि एकतानगरीत पाणी शिरलं, मावशीची स्कूटर पार्किंगमध्ये आडवी. नदीकाठ सुशोभित करणाऱ्यांनी धरणाचं गेट कोण उघडतं ते आधी विचारावं.

नंदूकाका:
सुनेत्रा, अगदी! बार्कर, ॲडिक्स दोन्ही १९४० च्या दशकातली, तेव्हा आसपास नुसती शेतं होती.
वैशाली, तुझ्या मुद्द्यावर हिशोब मांडला. काठ वीस फूट उंच धरू. कायद्याने रॅम्पला जास्तीत जास्त एकास बारा उतार, म्हणजे २४० फूट, शिवाय दर ३० इंच चढावाला सपाट टप्पा. म्हणजे पावणेतीनशेच्या आसपास. पण एकास वीस ठेवला तर तो रॅम्प धरतच नाहीत, नुसती वाट. लांबी ४०० फूट, दम लागत नाही. टॉयलेट वरच, पण वाट एकास वीसची मागा.

वैशाली:
चारशे फूट उन्हात? मध्ये बाक हवेत, पाठ असलेले. ते डिझायनर दगडी ठोकळे नकोत, त्यावरून आईंना उठवायला दोघं लागतात. आणि एक विचारू का, शेड खालीच का? ज्येष्ठांची शेड वर ठेवा, टॉयलेटच्या शेजारी. पोरं उतरतील पाण्याकडे.

प्रसाद:
वरून पाणी दिसतं का पण?

सुनेत्रा:
दिसतं. मधली झुडपं छाटली तर.

अनघा:
शेड वर आली तर रस्त्याचा आवाज असतोच, मग ढोलाला कोण हरकत घेणार?

सुनेत्रा:
मी घेईन. समोरच घरं आहेत.

अरविंदराव:
सचिवांच्या सहीचा मुद्दा अनुत्तरित आहे.

मेधा:
काका, सचिव मीच आहे. जानेवारीपासून.
असं लिहितेय: "टॉयलेट, नळ आणि ज्येष्ठांसाठी पंख्याची शेड पूररेषेच्या वर, शेजारी-शेजारी. तिथून पाण्यापर्यंत एकास वीस उताराची वाट, सावलीत पाठीचे बाक." सुनेत्रा, तू त्याच भागातली आहेस, तुझ्या नावाने वेगळा फॉर्म भर आणि शेजारच्या आजींनाही भरायला लाव, त्याचं वजन जास्त. स्पॅनिशचं बटण पानाच्या वरच आहे. शेड वर न्यायला हरकत असेल तर उद्या दुपारपर्यंत कळवा.

नंदूकाका:
"पूररेषा" मोघम आहे. हार्वेचं पाणी जिथवर आलं त्याच्या वर, असं लिही.

मेधा:
लिहिलं.

अरविंदराव:
वाटेला कठडा घाला.

नंदूकाका:
एकास वीसला लागत नाही.

वैशाली:
आईंना लागतो. घाला.