ग्रामसभेला माणसं नव्हती, आता रजिस्टर घरोघरी सहीला फिरून राहिलं. सही करू का?

कळमेश्वरकडची सून

गावाचं नाव लिहीत नाही. चुलत सासरे ग्रामपंचायतीत मेंबर आहेत अन् आमच्याकडे मोबाइल सगळेच पाहतात.

१५ ऑगस्टला झेंडावंदन झालं, पोरांना बुंदी वाटली, अन् पोरांमागं मोठी माणसंही घरी गेली. ग्रामसभेला शाळेच्या वऱ्हांड्यात उरली पंचवीस-तीस डोकी. बाया तर आम्ही तिघीच, बाकीच्या निंदणाला गेलेल्या. गावात मतदार बाराशेच्या वर आहेत. सरपंचताई खुर्चीवर, बोलून राहिले होते त्यांचे मिस्टर. मी उठून विचारलं, जल जीवनची टाकी बांधली, घरोघरी तोट्या बसवल्या, पाणी काहून येत नाही? "घेऊ लिहून" म्हणाले. मग चहा.

नंतर एका संध्याकाळी शिपाई भाऊ रजिस्टर घेऊन दारात. "वहिनी, इथं सही मारा, मामाजींचीबी घ्या." मी आधी पान उलटून पाहिलं. हजेरीत मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, नाव लिहिलेलं, अन् ते तर त्या दिवशी वावरात फवारणीला होते. पुढच्या पानावर वर "ठराव क्र. ४", खाली "सर्वानुमते मंजूर" पेनानं, अन् मधली जागा कोरी. कोपऱ्यात तेवढं पेन्सिलनं बारीक लिहिलेलं: देवळासमोर गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक. रक्कम नाही. माझ्या पाण्याच्या प्रश्नाचा एक शब्दही नाही.

"उद्या या" म्हणून शिपाई भाऊला लावून दिलं. मामाजी म्हणतात, करून टाक, काकाजींशी वाकडं कशाला. मला गट्टूंचं दुखणं नाही, देऊळ आमचंही आहे. पण कोऱ्या पानावर सही? काय करू?

निवृत्त ग्रामसेवक, उमरेड

ताई, गणपूर्तीला, म्हणजे सभा चालायला, कमीत कमी १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी तो लागतो. तुमच्या गावाला १०० लागले असते. तेवढे नसतील तर सभा तहकूब करायची आणि पुन्हा घ्यायची. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, म्हणजे सरळ मार्गानंही काम अडलं नसतं.

तुम्ही हजर होता, तेव्हा हजेरीवर सही करायला हरकत नाही. पण सहीखाली ज्या दिवशी करता त्याच दिवसाची तारीख टाका. बघा, रजिस्टर दुसऱ्यांदा तुमच्या दारात येणार नाही. मामाजींनी मात्र अजिबात करू नये. नसलेला माणूस हजर दाखवला की पुढं चौकशीत त्यालाच बोलावतात. आणि ठरावाच्या पानावर कोणीच नाही.

पाण्याचा प्रश्न आता लेखी द्या, दोन प्रती करून, एकीवर पोच घ्या. जल जीवनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरलेले आहेत. टाकी उभी आहे हे उत्तर होत नाही. गावात ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, तिच्यात कोण कोण आहे तेही विचारा. पुष्कळदा सदस्यालाच माहीत नसतं की तो सदस्य आहे.

मेंबर आहे तरी बोलतो (मौदा)

कायदा सगळ्यांना पाठ आहे बावा. ऑगस्टात आमच्याकडे धानाचे रोवणे, तुमच्याकडे निंदण-फवारणी. शंभर माणूस आणू कुठून? घरकुलाची यादी असली की वऱ्हांडा पुरत नाही, एरवी कुत्रं फिरकत नाही. निधी पडून राहिला की हेच लोक मेंबरच्या नावानं बोंबलतात. सह्या फिरवणं चूक आहे, पण दरवेळी त्यामागं चोरीच असते असं नाही.

निवृत्त ग्रामसेवक, उमरेड

मेंबरसाहेब, माणसं येत नाहीत हे कबूल, मीही लोकांच्या हातापाया पडलोय. पण मग तहकूब करा ना. रक्कम कोरी आणि कामाचं नाव पेन्सिलनं कशाला?

नरखेडचा, सध्या नागपूर

ताई, मोबाइलवर ई-ग्रामस्वराज उघडा, ग्रामपंचायतीच्या कामांचं सरकारी पोर्टल आहे. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की वर्षाचा आराखडा दिसतो. गट्टूंचं काम त्यात आहे का ते पहा. पंधराव्या वित्त आयोगाचा (२०२५-२६ पर्यंतचा) ६० टक्के निधी बंधित, तो पाणी आणि स्वच्छतेसाठीच. गट्टू बसवायचे तर उरलेल्या ४० मधून. पाण्याच्या पैशाला हात लागला का, खरी गोम तिथं आहे. आमच्या गावी नालीचं काम असंच आराखड्यात दोनदा निघालं होतं, एकदा "नाली", एकदा "गटार".

अन् ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. तुमच्याकडे झाली होती का?

कळमेश्वरकडची सून

महिला सभा? कागदावर झाली असंल. आमच्या बचत गटातल्या एकीलाही निरोप नव्हता.

शिपाई भाऊ सकाळीच आले होते. हजेरीवर सही केली अन् खाली आजची तारीख टाकली. ते पाहत राहिले, म्हणाले, "वहिनी, तारीख नव्हती टाकायची." म्हटलं, टाकली आता. मामाजी खाटेवरून उठलेच नाहीत, "चष्मा सापडत नाही" म्हणाले. चष्मा डोक्यावर होता.

पाण्याचा अर्ज लिहून झाला, गटातल्या बायांच्या सह्या घेऊन राहिली आहे. त्या सभेच्या इतिवृत्ताची नक्कल माहिती अधिकारात मागायची, तर कसं?

निवृत्त ग्रामसेवक, उमरेड

साधा मराठीत अर्ज करा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. माहिती अधिकारी म्हणजे तुमचे ग्रामसेवकच, हल्ली पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. नकलेला पानामागे २ रुपये. एका अर्जात एकच विषय आणि तोही दीडशे शब्दांच्या आत. त्यात गट्टू, पाणी, महिला सभा सगळं कोंबू नका, नाहीतर तेवढ्याच कारणावर परत येईल. इतिवृत्त आणि हजेरी एवढंच मागा, पाण्याचं वेगळं.