गुरूच्या युरोपा चंद्रावर बर्फ आहे हे कळलं कसं? खारघरहून इन्फ्रारेडमध्ये (आयआर) पकडता येईल का?

गच्चीवरचा_खारघरकर:
मंडळी, काल गच्चीवरून लेकीला ८ इंची डॉबमधून (डॉब्सोनियन दुर्बिणीतून) गुरू दाखवला, चारही चंद्र ओळीत मस्त दिसत होते, तर ती म्हणते बाबा युरोपावर बर्फ आहे ना मग तो पण बाकीच्यांसारखा नुसता ठिपकाच कसा, बर्फ आहे हे कळलं कसं? मला धड सांगता आलं नाही, ते मनाला लागलंय. इन्फ्रारेडमध्ये कळतं एवढं ऐकून आहे. प्लॅनेटरी कॅमेरा आहे, आयआर फिल्टर घेतला तर बर्फ पकडता येईल का?

नौपाडा_स्कोप:
दादा, बर्फ नाही जमणार. पाण्याचा बर्फ सूर्यप्रकाशातला १.५ आणि २ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपासचा भाग खाऊन टाकतो, म्हणून परत येणाऱ्या उजेडाच्या आलेखात तिथे खड्डे पडतात. १९७२ साली युरोपा आणि गुरूचाच दुसरा चंद्र गॅनिमीड यांच्या उजेडात हेच खड्डे सापडले आणि खात्री पटली. आपल्या कॅमेऱ्याच्या सिलिकॉन चिपला १.१ मायक्रॉनच्या पुढे काहीच दिसत नाही. त्यात आपली खाडीकाठची दमट हवा, तिच्यातली वाफ जवळपास तिथलाच उजेड अडवते. म्हणून तर लडाखमधल्या हानलेला ४५०० मीटरवर दुर्बीण नेलीय, तिच्यावर मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने बनवलेला टिरस्पेक हा इन्फ्रारेड कॅमेरा-वर्णपटमापक बसवलाय.

वाशीची_ताई:
बर्फ नाही तर मिथेन बघा ना! ८८९ नॅनोमीटरचा (०.८८९ मायक्रॉन, म्हणजे आपल्या कॅमेऱ्याला दिसणारा) फिल्टर मिळतो. गुरूवरचा मिथेन तेवढाच उजेड शोषतो, त्यामुळे खालचे ढग काळे पडतात आणि उंचावरचं धुकं उजळतं. मी केलंय. पहिल्या रात्री नुसता राखाडी रवा आला, फार रडकुंडीला आले होते, मग गेन (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) वाढवून एक्सपोजर लांबवलं तर गुरूवरचा लाल डाग चक्क पांढुरका उमटला, ध्रुवांवर टोप्या, आणि चंद्र गुरूपेक्षा लख्ख, कारण त्यांच्यावर मिथेनची हवाच नाही. फक्त तुमच्या डॉबला ट्रॅकिंग (ग्रहाबरोबर आपोआप सरकण्याची सोय) नसेल तर लांब एक्सपोजरला गुरू सरकतो, ते आधी बघा.

नौपाडा_स्कोप:
लेकीला शनीच्या एन्सेलेडस या बर्फाळ चंद्राचं पण सांगा. २००५ मध्ये कॅसिनी यानाने उष्णतेच्या इन्फ्रारेडमध्ये बघितलं तर दक्षिण ध्रुव, जो सगळ्यात थंड असायला हवा, तिथल्या भेगाच गरम निघाल्या. आणि वेब अवकाश दुर्बिणीला तिथून उडणारी वाफ ९६०० किमीहून लांब पसरलेली दिसली, चंद्र स्वतः ५०० किमीचा!

गच्चीवरचा_खारघरकर:
ताई, दादा, खूप आभार. लेकीने वहीत खड्ड्यांचा आलेख काढून खाली युरोपा लिहिलंय. डॉबला ट्रॅकिंग नाही, आधी त्याचं बघतो. ताई, तुमचा मिथेनवाला फोटो इथे टाकाल का, तिला दाखवायचाय.