वंशाचा रकाना नाही, तरी पक्षपात?

आरोपी पुन्हा गुन्हा करेल का याचा अंदाज गुणांत सांगणारं कॉम्पास हे संगणकी साधन अमेरिकेतली न्यायालयं वापरतात. त्याबद्दल 'प्रश्नावलीत वंश विचारतच नाहीत, मग पक्षपात कसला?' असं विचारलं जातं. कॉम्पासच्या 137 प्रश्नांत तो नाही, खरंय. पण पहिली अटक कितव्या वर्षी, वस्तीत गुन्हे किती, हे आहेतच की, आणि त्यांतून वंश आडवाटेने येतोच! शिवाय अंदाजाचा पडताळा घेतात तो पुन्हा नोंद झालेल्या गुन्ह्याचा, पुन्हा केलेल्या गुन्ह्याचा नव्हे. गस्त जास्त तिथे नोंदी जास्त. प्रोपब्लिका या अमेरिकी शोधपत्रकारिता संस्थेने 2016 साली फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीची आकडेवारी तपासली. पुन्हा गुन्हा न नोंदलेल्या कृष्णवर्णीयांपैकी सुमारे 45 टक्के आणि गोऱ्यांपैकी 23 टक्के चुकीने धोकादायक ठरले होते. कॉम्पास बनवणाऱ्या कंपनीचा बचावही अगदीच पोकळ नव्हता: धोक्याचे गुण समान असले की दोन्ही गटांत फेरगुन्ह्याचं प्रमाण जवळपास सारखंच होतं. दोन गटांत फेरगुन्ह्याचं मूळ प्रमाण वेगळं असलं की चुकीने धोकादायक ठरण्याचं प्रमाण सारखं आणि समान गुणांचा अर्थही सारखा, हे दोन्ही निकष एकदम साधत नाहीत, हे गणितच आहे. त्याच वर्षी लूमिस खटल्यात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांना कॉम्पासचे गुण पाहायला मुभा दिली, मात्र शिक्षा किती कडक हे त्यावरून ठरवायला मनाई केली.